मुंबई इंडियन्सचे ३० लाखवाले आणि तुमच्या दुकानातला तिसरा माणूस



आजचा विषय आहे दुकानातला तिसरा माणूस. पहिला तुम्ही स्वतः. दुसरा तुमचा हक्काचा माणूस, ज्याच्यावर गल्ला सोडून तुम्ही बँकेत जाऊ शकता. आणि तिसरा तो, जो दुसरा नसेल त्या दिवशी काउंटर सांभाळतो.

आपल्याकडे बऱ्याच छोट्या धंद्यांत हा तिसरा माणूस नसतोच. काही ठिकाणी असतो, पण त्याला पगार नक्की कशासाठी देतोय हे मालकाला सांगता येत नाही. दोन्ही प्रकार महाग पडतात. व्हिडिओत मी मुंबई इंडियन्सचं उदाहरण दिलं होतं, पण तिथे आकडे भराभर जातात. म्हणून इथे सगळा हिशोब सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

१. ऑफ-सीझन म्हणजे सुट्टी नाही

आयपीएल आपण दोन महिने बघतो, पण संघ बनतो तो त्याच्या आधी. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला लिलावात घ्यायचं, हे निर्णय साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. तेव्हा मैदानावर आयपीएलचा एकही चेंडू पडत नसतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर हे आणखी बारकाईने चालतं. तिथे एका संघाला एका हंगामात १६२ सामने खेळायचे असतात. रोजच्या संघात २६ खेळाडू असतात आणि त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. सामना सुरू करणारा पिचर थकला की मागून दुसरा येतो. हे मागून येणारे मैदानाच्या कडेला ज्या जागेत हात गरम करत असतात, तिला बुलपेन म्हणतात. हंगाम संपला की तिथल्या व्यवस्थापकांचा बराच वेळ याच माणसांवर जातो. मोठा स्टार कोण हे सगळ्यांना माहीत असतं. खरा प्रश्न असतो तो बाकावर आणि बुलपेनमध्ये कोण बसणार हा.

आता तुमचा ऑफ-सीझन कोणता, ते आधी ठरवा. आपल्या शेलू-नेरळ-कर्जत पट्ट्यात एकाचा मंदीचा काळ हा दुसऱ्याचा सीझन असतो.

- माझं हार्डवेअर-इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पाऊस लागला की बांधकामं मंदावतात. जून ते सप्टेंबर हा माझा ऑफ-सीझन.
- कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्यांचा आणि धबधब्याच्या रस्त्यावर भजी-मका विकणाऱ्यांचा त्याच काळात सीझन असतो.
- वह्या-पुस्तकं, रेनकोट, स्कूलबॅग विकणाऱ्याची धावपळ मे-जूनमध्ये. जुलै संपला की तो निवांत.
- नेरळला माथेरानच्या पर्यटकांवर धंदा असेल, तर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज मिनी ट्रेन बंद असते, तेव्हा गिऱ्हाइकाची चाल बदलते.

माणसांचे निर्णय तुमच्या मंदीत घ्यायचे. गर्दीत घेतलेला माणूस हा ‘जो मिळाला तो’ असतो.

२. १२० कोटींचा हिशोब

२०२५ च्या आयपीएलआधी मोठा लिलाव झाला. प्रत्येक संघाला एकूण १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी जास्तीत जास्त ८.

३१ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईने पाच जण कायम ठेवले:

- जसप्रीत बुमराह : १८ कोटी
- सूर्यकुमार यादव : १६.३५ कोटी
- हार्दिक पंड्या : १६.३५ कोटी
- रोहित शर्मा : १६.३० कोटी
- तिलक वर्मा : ८ कोटी

बेरीज करा. बरोब्बर ७५ कोटी. म्हणजे पाच माणसांवर बजेटचे ६२.५ टक्के गेले. उरले ४५ कोटी, आणि त्यात बाकीचा सगळा संघ उभा करायचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला लिलाव झाला. तिथे मुंबईने १८ खेळाडू घेतले. त्यातले महागडे पाच असे: ट्रेंट बोल्ट १२.५० कोटी, दीपक चहर ९.२५ कोटी, विल जॅक्स ५.२५ कोटी, नमन धीर ५.२५ कोटी आणि अफगाणिस्तानचा फिरकीपटू अल्लाह गझनफर ४.८० कोटी. या पाचांचे झाले ३७.०५ कोटी.

उरलेले १३ जण मिळून किती? फक्त ७.७५ कोटी. आणि त्यातले सात तर प्रत्येकी ३० लाखांचे, म्हणजे सातांचे मिळून २.१० कोटी. १२० कोटींपैकी पावणेदोन टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईने ‘सगळे मध्यम दर्जाचे घेऊ’ असं केलं नाही. पाच-दहा माणसांवर भरपूर पैसा लावला आणि बाक स्वस्तात भरला. पण स्वस्तात भरला म्हणजे डोळे मिटून भरला असं नाही. पुढचं वाचा.

३. ३० लाखवाल्यांनी काय केलं

हंगाम सुरू व्हायच्या आधीच ४.८० कोटींचा गझनफर पाठीच्या दुखापतीने बाहेर गेला. बुमराहसुद्धा दुखापतीमुळे पहिले चार सामने नव्हता. १८ कोटींचा हुकमाचा एक्का घरी आणि फिरकीची मोठी खरेदीही घरी. अशा वेळी कोण उभं राहिलं?

२३ मार्च २०२५, चेन्नईविरुद्धचा पहिला सामना. विघ्नेश पुथूर नावाचा केरळचा डावखुरा फिरकीपटू आला. किंमत ३० लाख. तो तेव्हा केरळच्या वरिष्ठ संघातूनही खेळलेला नव्हता. पहिल्याच सामन्यात त्याने तीन विकेट काढल्या.

३१ मार्च, वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध. अश्वनी कुमार, पंजाबचा डावखुरा वेगवान गोलंदाज. किंमत पुन्हा ३० लाख. पहिल्याच चेंडूवर विकेट, आणि ३ षटकांत २४ धावा देऊन ४ बळी. कोलकाता ११६ वर गारद. आयपीएल पदार्पणात चार बळी घेणारा तो पहिला भारतीय ठरला.

हे एकदाच घडलं असंही नाही. २०२३ मध्ये बुमराह पूर्ण हंगाम नव्हता. तेव्हा २४ मे च्या एलिमिनेटरमध्ये आकाश मढवालने लखनौविरुद्ध फक्त ५ धावांत ५ बळी घेतले. हा मढवाल २०२२ मध्ये जखमी सूर्यकुमारच्या जागी, बदली म्हणूनच संघात आला होता.

आता तुम्ही म्हणाल, सर, सातातले बाकीचे पाच? बरोबर. सगळे चमकले नाहीत, आणि बाकाचं गणित तसं नसतंच. सात जणांवर मिळून २.१० कोटी लावले आणि त्यातल्या दोघांनी अडचणीच्या वेळी खिंड लढवली, तर बाकाचा पैसा वसूल. पण त्यासाठी ते आधीपासून संघात असावे लागतात, सरावाला येत असावे लागतात. सामन्याच्या सकाळी शोधून मिळत नाहीत.

४. हाच हिशोब आता आपल्या गल्ल्यावर

कोटी सोडा, हजारांत येऊ. समजा, नेरळ स्टेशनजवळ एका ताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजची विक्री ६,००० रुपये. सामान आणि गॅस जाऊन ३५ टक्के हातात राहतात, म्हणजे २,१०० रुपये. पोळ्या करणाऱ्या मावशी महिन्यातून सरासरी चार दिवस येत नाहीत. त्या दिवशी पोळ्या कमी होतात आणि विक्री अर्ध्यावर येते.

- एका दिवसाचं नुकसान : ३,००० रुपयांच्या विक्रीचे ३५ टक्के, म्हणजे १,०५० रुपये
- चार दिवसांचं : ४,२०० रुपये

पर्याय एक : दुसरी मावशी पूर्णवेळ ठेवली, पगार ११,०००. वाचतात ४,२०० आणि जातात ११,०००. महिन्याला ६,८०० चा खड्डा.

पर्याय दोन : जवळपासची एक बाई बोलावल्यावर येईल अशी ठरवली. चार दिवसांचे ५०० प्रमाणे २,०००. शिवाय महिन्यातून दोनदा अर्धा दिवस सरावाला बोलावायचं, त्याचे २५० प्रमाणे ५००. एकूण २,५००. वाचतात ४,२००. महिन्याला १,७०० रुपये शिल्लक.

पर्याय तीन : कोणीच नाही ठेवलं. कागदावर ४,२०० चंच नुकसान दिसतं. पण संध्याकाळच्या लोकलने उतरणारं गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने गेलं की तिसऱ्यांदा समोरच्या गाडीवर जातं. ते या आकड्यात कुठेच धरलेलं नाही.

पर्याय दोनमधले ते सरावाचे ५०० रुपये बघा. बहुतेक जण नेमके तेच वाचवतात. मग चार महिन्यांनी बदली बाई येते, तिला कणकेचं माप माहीत नसतं, डबे कोणत्या बिल्डिंगला जातात माहीत नसतं, आणि ताई म्हणतात, ‘बदली माणसं काही कामाची नसतात.’ सराव न देता कोण कामाचं ठरेल?

तुमचं सूत्र असं लिहा:

गैरहजेरीचे दिवस × एका दिवसाचं नुकसान = बदलीवर खर्च करायची कमाल मर्यादा

या मर्यादेच्या आत जो पर्याय बसतो, तो तुमचा बाक. बाहेर जातो, तो तुमचा शौक.

गैरहजेरीचे दिवस अंदाजाने धरू नका. आपल्या भागात त्याचं कॅलेंडर जवळजवळ ठरलेलं असतं. जुलैत भातलावणी, गणपती, दिवाळीच्या आसपास कापणी, मग लग्नसराई. मागच्या वर्षीची हजेरीवही काढा आणि तारखांवर गोल करा. पावसात लोकल रखडते ते दिवसही धरा, कारण तुमचा माणूस वांगणीहून किंवा भिवपुरीहून येत असेल तर तो त्या दिवशी नाही.

५. ठेवायचं, सोडायचं, परत आणायचं

आता २०२६ च्या आधीचा मुंबईचा ऑफ-सीझन बघू. इथे शिकण्यासारखं जास्त आहे, कारण हातात पैसा फारच कमी होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी १७ जण कायम ठेवले. अश्वनी कुमार राहिला. दुखापतीमुळे एकही सामना न खेळलेला गझनफरही राहिला. आणि विघ्नेश पुथूर? त्याला सोडलं. हंगामाच्या मध्यात तो जखमी झाला तेव्हा त्याच्या जागी रघू शर्मा आला होता. तो राहिला, विघ्नेश गेला. नंतर राजस्थानने विघ्नेशला ३० लाखांत घेतलं.

कटू वाटतं, पण प्रश्न समजून घ्या. ‘माणूस चांगला आहे का?’ हा एक प्रश्न. ‘पुढच्या हंगामात आपल्याकडे हे काम आहे का, आणि ते आणखी कोण करू शकतं?’ हा दुसरा. ऑफ-सीझनला दुसरा प्रश्न जास्त विचारावा लागतो.

मग त्यांनी लिलावाआधीच अदलाबदलीतून तीन जण आणले. लखनौकडून शार्दुल ठाकूर २ कोटींना, गुजरातकडून शेरफेन रदरफोर्ड २.६० कोटींना, कोलकात्याकडून मयंक मार्कंडे ३० लाखांना. अर्जुन तेंडुलकर ३० लाखांत लखनौला गेला.

शार्दुलची गोष्ट आपल्या लोकांनी नीट वाचावी. हा पालघरचा मुलगा, क्रिकेटसाठी लोकलने मुंबईला ये-जा करणारा. २०२५ च्या मोठ्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नव्हतं. नंतर लखनौने जखमी मोहसिन खानच्या जागी त्याला बोलावलं, आणि वर्षभरात मुंबईने त्याला मागून घेतलं. लिलावात बोली लागली नाही म्हणजे माणूस संपला असं नसतं. कदाचित त्या दिवशी त्या कामाची जागाच रिकामी नसते.

१६ डिसेंबर २०२५ ला अबू धाबीत लिलाव झाला, तेव्हा मुंबईकडे फक्त २.७५ कोटी होते, दहा संघांत सगळ्यात कमी. जागा पाच. त्यांनी क्विंटन डी कॉकला १ कोटीत घेतलं. तो २०१९ आणि २०२० ची विजेतेपदं मुंबईकडूनच जिंकलेला माणूस. उरलेले चार तरुण प्रत्येकी ३० लाखांना. ५५ लाख शिल्लक ठेवून २५ जणांचा संघ पूर्ण.

मार्कंडेही २०१८ मध्ये मुंबईकडूनच पुढे आला होता. सूर्यकुमार तर २०१२ मध्ये मुंबईकडे होता, मग कोलकात्याला गेला, आणि २०१८ मध्ये ३.२० कोटींना परत आला. म्हणजे गेलेला माणूस परत येऊ शकतो. फक्त तो जाताना दार आपटून बंद झालेलं नसावं.

६. प्रत्येक माणसासाठी पाच प्रश्न

वहीत एका पानावर एक नाव लिहा. घरचे लोक कामाला असतील तर त्यांचंही पान करा. मग ही उत्तरं भरा:

1. हा नसेल तर कोणतं काम थांबतं? (काहीच थांबत नसेल तर तसंच लिहा.)
2. ते काम दुकानात आणखी कोणाला येतं?
3. ते काम दुसऱ्याला शिकवायला किती दिवस लागतील?
4. याला जास्तीचं कोणतं काम येतं किंवा शिकता येईल?
5. पुढच्या सीझनला हे काम वाढणार की कमी होणार?

दुसऱ्या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे तुमचा बुमराह एकटा आहे. आधी त्याच्या मागे माणूस उभा करा. त्याला अंबरनाथच्या कंपनीत नोकरी लागली, तर तुम्हाला महिनाभर आधी कळेल याची काही खात्री नाही.

आणि दुसऱ्या प्रश्नाला ‘तिघांना येतं’, पाचव्याला ‘कमी होणार’ असं आलं, तर तिथे निर्णय घ्यायचाय. तो पुढे ढकलला तर दिवाळीत तिघांचेही पगार उशिरा होतात.

७. जिथे क्रिकेटचं उदाहरण थांबतं

आता महत्त्वाचं. ३० लाखांचा खेळाडू सुटला तर त्याच्याकडे दुसरे नऊ संघ आहेत. आपला बारा हजारांचा मुलगा सुटला तर त्याच्या घरी त्या महिन्याचं रेशन अडतं. तो आपल्याच गावात राहतो, त्याची आई आपल्याच दुकानातून बल्ब नेते. शिवाय शेलूत बातमी संध्याकाळच्या लोकलच्या आधी घरोघरी पोचते. तुम्ही माणसाला कसं सोडलंत, यावर पुढचा माणूस तुमच्याकडे येणार की नाही ते ठरतं.

माझ्याच दुकानाचा हिशोब सांगतो. काउंटरला एक जण आणि माल पोचवायला एक. पावसाळ्यात पोचवायचं काम निम्म्यावर येतं. त्या मुलाचा पगार १२,०००. तीन महिने त्याला बंद केलं तर कागदावर ३६,००० वाचतात. मोहात पडावं असा आकडा आहे.

पण पाच प्रश्नांचं पान भरलं तेव्हा वेगळं दिसलं. कोणत्या सोसायटीत टेम्पो कुठल्या गेटने जातो, कोणता कंत्राटदार उधारीचं चलन सही न करता ठेवून घेतो, हे फक्त त्यालाच माहीत. ऑक्टोबरला नवीन मुलगा शिकेपर्यंत सीझनचे पहिले दोन महिने जातील. मी त्याच्याशी बोललो. त्याला लावणीसाठी पंधरा दिवस हवेच होते. ठरलं असं: ते पंधरा दिवस बिनपगारी, बाकीचे दिवस पूर्ण पगार, आणि रिकाम्या दुपारी काउंटरवर बसून वायर, एमसीबी आणि पंपाचे स्पेअर शिकायचं.

वाचले फक्त ६,०००. पण आता काउंटरचा माणूस गणपतीला गावी गेला की शटर खाली येत नाही. एकाच पगारात डिलिव्हरीचा माणूस आणि काउंटरचा बदली, दोन्ही मिळाले.

प्रत्येक वेळी असा मधला मार्ग निघेलच असं नाही. कधी सोडावंच लागतं. तेव्हा एवढं पाळा:

- किमान एक महिना आधी सांगा, तोंडावर सांगा, फोनवर नको.
- कारण कामाचं सांगा. त्याच्या स्वभावाची यादी वाचू नका.
- राहिलेला पगार आणि सुट्टीचे पैसे शेवटच्या दिवशी हातात द्या.
- ओळखीच्या दोन दुकानदारांना स्वतः फोन करा.
- सीझनला परत बोलावणार असाल तर तारीख सांगा. नक्की नसेल तर आशा लावू नका.

किमान वेतनाचे नियम कामगार कितीही असले तरी लागू होतात, नोटिशीचे वेगळे असू शकतात. ते आपल्या कर सल्लागाराकडून एकदा लिहून घ्या.

८. बाक भरला म्हणजे कप मिळतो का?

नाही. हेही स्पष्ट सांगतो. २०२५ मध्ये प्लेऑफच्या तोंडावर रिकल्टन, जॅक्स आणि बॉश आपापल्या देशाच्या संघाकडे गेले. मुंबईने जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन आणि चरिथ असलंका यांना बोलावलं. ३० मे च्या एलिमिनेटरमध्ये बेअरस्टोने २२ चेंडूंत ४७ काढले आणि गुजरात हरलं. पण १ जूनला पंजाबने मुंबईला हरवलं आणि हंगाम तिथेच संपला.

बाक तुम्हाला स्पर्धेत टिकवतो, जिंकून देईलच असं नाही. पण छोट्या धंद्यात टिकणं हीच पहिली पाच वर्षांची स्पर्धा असते.

या आठवड्याचा गृहपाठ

1. मागच्या बारा महिन्यांची हजेरी बघून गैरहजेरीचे दिवस मोजा.
2. एका दिवसाचं नुकसान काढा. विक्री नाही, हातात राहणारा पैसा धरा.
3. सूत्राने बदलीची कमाल मर्यादा लिहा.
4. प्रत्येक माणसाचं पाच प्रश्नांचं पान भरा.
5. ‘कोणालाच नाही’ असं उत्तर आलेलं एक काम निवडा आणि येत्या रविवारपासून ते दुसऱ्या कोणाला तरी शिकवायला घ्या.

तुमची मर्यादा किती आली ते कमेंटमध्ये लिहा, धंदा कोणता तेही सांगा. माणसांची नावं लिहू नका. आकडा चुकतोय असं वाटलं तरी लिहा, मी तपासून उत्तर देतो. पुढच्या भागात उधारीची वही घेऊ, आणि येताना या आठवड्याची पानं भरून आणा, कारण तिथेही लागणार आहेत.